दोन वर्ग, दोन देश, एक काम: कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासक्रमात जागतिक शिक्षण कसं बसवायचं

ठरलेला तास येतो. इकडे सांगली जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा वर्ग, तिकडे कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा. पडद्यावर साठ चेहरे. "ऐकू येतंय का?" यात दहा मिनिटं जातात. मग ओळखी होतात. कुणी दिवाळीबद्दल विचारतं, कुणी हॉलिवूडबद्दल. शेवटी सगळे हात हलवतात, फोटो निघतो, अहवाल फाइलला लागतो. पुढच्या आठवड्यात समोरच्या वर्गातल्या एकाचंही नाव कुणाला आठवत नाही.

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शिकवते आणि पहिल्या दोन सत्रांत माझ्याकडूनही हेच झालं. तेव्हापासून दोन्हीकडचे मराठी शिक्षक मला हे कसं करायचं ते विचारत आले आहेत, आणि बहुतेकांची चूक एकच असते. आधी झूमची तारीख ठरते, मग जोडीदार शोधला जातो, मग "मुलं काय बोलतील?" याचा विचार होतो. मुलांनी मिळून करायचं काम ठरतच नाही. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारं, प्रवेश सगळ्यांना खुला असलेलं कॉलेज. इथले बरेच विद्यार्थी नोकरी करून शिकतात, काहींना मुलंबाळं आहेत. सहा महिने परदेशी जाऊन शिकणं यांतल्या बहुतेकांना परवडणारं नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातली मुलंही याच परिस्थितीतली. म्हणून जग वर्गात आणायचं असेल तर ते चालू अभ्यासक्रमाच्या आत, गुणांसकट आणावं लागतं. या पद्धतीला 'कॉइल' म्हणतात: कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग. खाली पाच आठवड्यांच्या एका जोडकामाची कृती दिली आहे.

## टप्पा १: आधी स्वतःचा अभ्यासक्रम वाचा

नवा विषय सुरू करू नका. आपण शिकवत असलेल्या विषयातला असा एक घटक शोधा, जो दुसऱ्या प्रदेशाशी ताडून पाहिल्याशिवाय अर्धा राहतो. कृषी अर्थशास्त्रात बाजारभाव, भूगोलात भूजल, नर्सिंगमध्ये रुग्णाशी संवाद, वाणिज्य शाखेत सहकारी संस्था. घटक एकच घ्या.

कॅलिफोर्नियात अभ्यासक्रमाचा आराखडा कॉलेजच्या समितीने मंजूर केलेला असतो आणि शिक्षकाला तो बदलता येत नाही. मात्र एखादा घटक कसा शिकवायचा आणि त्यावर कोणता गृहपाठ द्यायचा, यात बरीच मोकळीक असते. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयात अभ्यास मंडळाचा शब्द शेवटचा. तिथे जागा सापडते ती अंतर्गत मूल्यमापनात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेतल्या क्षेत्र प्रकल्पात किंवा सामुदायिक सहभागाच्या श्रेयांकांत.

तपासा: या कामाला तुमच्या विषयात किती गुण आहेत, हे एका वाक्यात सांगता येतं का? उत्तर "ऐच्छिक आहे" असेल तर इथेच थांबा. संध्याकाळी कामावर जाणारा विद्यार्थी ऐच्छिक गोष्टीसाठी वेळ काढत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

## टप्पा २: संस्थेऐवजी माणूस शोधा

आपल्याकडे सुरुवात सामंजस्य कराराने करायची सवय आहे. करार होईपर्यंत दोन सत्रं निघून जातात, तोवर उत्साह ओसरतो. दोन वर्गांतल्या एका गृहपाठासाठी सहसा एवढं लागत नाही. प्राचार्यांची किंवा विभागाच्या डीनची लेखी संमती घ्या आणि आपल्यासारख्याच एका शिक्षकाशी थेट बोला.

विषय एकच असायला हवा असं नाही. माझा सगळ्यात चांगला जोडीदार भूगोलाचा होता आणि मी व्यवसाय व्यवस्थापन शिकवत होते. पहिल्या बोलण्यात तीन गोष्टी विचारा: वर्गात नियमित येणारी मुलं किती, त्यांच्या हातात काय आहे (लॅपटॉप की फक्त मोबाइल), आणि या कामाला तुमच्याकडे गुण किती.

मग मागच्या वर्षीच्या मुलांचे दोन-दोन गृहपाठ नावं झाकून एकमेकांना पाठवा, एक बरा आणि एक साधा. तासभर बोलून कळत नाही ते चार पानांत कळतं: मुलं किती लिहितात, इंग्रजी कसं आहे, शिक्षक कशाला गुण देतो.

सावधान: जोडीदार प्रत्येक गोष्टीला "हो, करू या" म्हणत असेल आणि एकही अडचण सांगत नसेल, तर त्याने अजून आपलं वेळापत्रक उघडलेलं नाही. अडचणी तुम्हीच विचारून काढा.

## टप्पा ३: कॅलेंडर आणि घड्याळ

सर्वांत जास्त प्रकल्प इथे मोडतात, म्हणून इथे घाई नको.

दोघांची पूर्ण कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि मोडणारे दिवस खोडत जा. महाराष्ट्राच्या बाजूने जानेवारीत स्नेहसंमेलन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शिबिर, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मार्चमध्ये होळी आणि बहुधा गुढीपाडवा. एक गोष्ट हमखास विसरली जाते. कॉलेजला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर बारावीच्या परीक्षेच्या काळात वर्गखोल्या परीक्षा केंद्राला जातात, प्राध्यापक पर्यवेक्षणाला जातात. अमेरिकेच्या बाजूने वसंत सत्र जानेवारीच्या मध्याला सुरू होऊन मेमध्ये संपतं, मध्ये आठवड्याची सुट्टी असते. ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर धोक्याचे: इकडे परीक्षा आणि दिवाळी, तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग.

एवढं खोडून सलग पाच आठवडे उरले तर उत्तम. चारच उरले तर चारचं काम आखा. सुट्टीच्या अल्याड-पल्याड तुकडे जोडू नका.

आता घड्याळ. भारतात वर्षभर एकच वेळ असते. अमेरिकेतल्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. कॅलिफोर्नियात फेब्रुवारीत संध्याकाळचे ६ वाजले की भारतात दुसऱ्या दिवसाचे सकाळचे ७:३० वाजलेले असतात. सकाळच्या सत्रातलं कॉलेज आणि तिकडचा संध्याकाळचा वर्ग यांच्यासाठी ही वेळ फार सोयीची आहे. पण मार्चचा तो रविवार गेला की तिकडचे ६ म्हणजे इकडचे ६:३०. एसटीने येणारी मुलं त्या वेळेला अजून थांब्यावर असतात.

तपासा: मुलांना जाणाऱ्या प्रत्येक सूचनेत दोन्हीकडचा वार, तारीख आणि वेळ लिहिली आहे का? "सोमवारी भेटू" हे पुरेसं नाही. कॅलिफोर्नियाचा सोमवार संध्याकाळ म्हणजे महाराष्ट्राचा मंगळवार सकाळ. तारखेत महिना अक्षरी लिहा, कारण ३/४ म्हणजे इकडे ३ एप्रिल आणि तिकडे ४ मार्च.

## टप्पा ४: एकमेकांशिवाय पुरं होणार नाही असं काम आखा

हा लेखाचा गाभा आहे. समोरच्या वर्गाशी न बोलता, नुसतं इंटरनेटवर शोधून जे काम पुरं होतं, ते जोडकाम नव्हे. "भारत आणि अमेरिका: खाद्यसंस्कृतीची तुलना" असा विषय दिलात तर मुलं तासाभरात पंधरा स्लाइड तयार करतील आणि त्यांत त्यांच्या स्वतःच्या गावाचं काहीही नसेल.

मी वापरलेलं उदाहरण घ्या: बेदाणा. सेंट्रल व्हॅलीतल्या फ्रेस्नोच्या आसपास बेदाण्याची शेती मोठी आहे, आणि सांगली जिल्ह्यात तासगावचा बेदाणा बाजार आपल्याला माहीत आहे. दोन्हीकडचा जुना आधार एकच वाण, थॉमसन सीडलेस. आपल्याकडची तास-ए-गणेश आणि सोनाका त्याच्यातूनच निघाली. वाण एका घराण्याचं, पण रीत वेगळी. तासगावकडे द्राक्षांना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल लावून, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत वाळवतात, म्हणून रंग हिरवट-पिवळा राहतो. फ्रेस्नोत घड तोडून दोन ओळींच्या मध्ये जमिनीवर कागदाच्या ट्रेवर, उन्हात दोन-तीन आठवडे वाळवण्याची जुनी पद्धत, रंग तपकिरी. आता तिकडे वेलीवरच वाळवून यंत्राने काढणंही वाढलं आहे.

इतकं पुस्तकात मिळतं. मुलांना दिलेला प्रश्न वेगळा होता: *वाळवण चालू असताना पाऊस आला तर नुकसान नेमकं कुणाच्या अंगावर येतं?* फ्रेस्नोत ही भीती सप्टेंबरची, तासगावात मार्च-एप्रिलच्या अवकाळीची. उत्तर शेडवाल्याकडे आहे, मजुराकडे आहे, व्यापाऱ्याकडे आहे. प्रत्येक गटातल्या मुलांनी आपापल्या भागातल्या दोन माणसांशी बोलायचं, एक मालक किंवा शेतकरी आणि एक मजूर, आणि मग दोन्हीकडच्या चार मुलाखतींवर मिळून दोन पानांचं एकच टिपण लिहायचं. समोरच्यांच्या मुलाखती आल्याशिवाय टिपण अर्धंच राहतं. काम आखताना हीच अडवणूक मुद्दाम घालावी लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडे शेड चालू असतात, फ्रेस्नोत मात्र वेली छाटून बांधून झालेल्या. म्हणून तिकडच्या मुलांना आठवणींवर मुलाखत घ्यावी लागते. एका गटात यातूनच प्रश्न निघाला: तुमच्याकडे वर्षात दोनदा छाटणी का, आमच्याकडे एकदाच? एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी समजावताना आपल्या मुलांना पहिल्यांदा शब्दांत मांडावं लागलं, की इथे वेलीला गाढ झोपवणारा हिवाळाच नसतो. घरी लहानपणापासून पाहिलेली गोष्ट परक्याला समजावताना ती आपल्यालाही नव्याने दिसते.

तुमच्या भागात द्राक्षं नसतील तर दूध घ्या, ऊसतोड घ्या, दवाखान्यातली रांग घ्या. अट एकच: दोन्हीकडच्या मुलांच्या घराजवळ ती गोष्ट खरोखर असावी.

सावधान: मापं. तिकडचा 'टन' म्हणजे २,००० पौंड, साधारण ९०७ किलो. आपला टन १,००० किलोचा. एकर मात्र दोन्हीकडे सारखाच. लाख-कोटी तिकडे कळत नाहीत, सगळे आकडे पूर्ण लिहायला सांगा. पडताळणीसाठी एक सोपा प्रश्न द्या: एक किलो बेदाण्याला किती किलो द्राक्षं लागतात? दोन्हीकडून उत्तर चारच्या आसपास यायला हवं. नऊ आलं तर गटाने पौंड आणि किलो यांची सरमिसळ केली आहे.

## टप्पा ५: परवानग्या आणि साधनं

हे लवकर उरका, पण वगळू नका. तास रेकॉर्ड करायचा असेल तर प्रत्येकाची आधी संमती घ्या. पहिल्या वर्षाची काही मुलं १८ पूर्ण नसतात, आणि अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात हायस्कूलचे विद्यार्थीही बसतात. अशांसाठी पालकांची संमती लागेल. गुण आपापल्या कॉलेजातच ठेवा. समोरच्या मुलांचे गुण तुम्हाला दिसायला नकोत, तुमचे त्यांना नकोत. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आहे, आणि तो नसता तरी हे बरोबरच आहे.

साधनं दोनच ठेवा: लिहायला एक सामायिक डॉक्युमेंट, बोलायला एक माध्यम. कॉलेजच्या आतल्या प्रणालीत बाहेरच्या मुलांना सहसा प्रवेश मिळत नाही, म्हणून सगळ्यांना उघडणारं काही निवडा. आपल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅप सोयीचं वाटतं, पण त्यात सगळ्यांचे फोन नंबर उघडे पडतात. मी ते टाळते.

तपासा: वर्गातल्या सगळ्यात साध्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर, ते डॉक्युमेंट उघडून एक ओळ लिहून पाहा. तुमच्या लॅपटॉपवर चालतं याला अर्थ नाही.

## टप्पा ६: भेटीआधी स्वतःच्या वर्गाची तयारी

सांस्कृतिक जाणीव भेटीत आपोआप येत नाही. तयारी न करता भेट घडवली तर आधीचे समज आणखी घट्ट होतात. दोन तास यासाठीच ठेवा.

पहिल्या तासात मुलांना आपल्याच घराबद्दल लिहायला लावा: घरात किती भाषा बोलल्या जातात, गावाबाहेर कामाला कोण गेलं, घरातला कुठला नियम बाहेरच्याला विचित्र वाटेल. जत तालुक्यातल्या मुलाच्या घरी कानडी असते, कुणाचं कुटुंब ऊसतोडीला जातं. "आपण सगळे एकसारखे" हा समज इथेच सुटतो. तिकडेही तेच. महाराष्ट्रातली मुलं पडद्यावर गोरे अमेरिकन शोधतात. सेंट्रल व्हॅलीतल्या वर्गात घरी स्पॅनिश, हमोंग (आग्नेय आशियातून आलेल्या एका समाजाची भाषा) किंवा पंजाबी बोलणारी मुलं बसलेली असतात, आणि कितीतरी जणांचे आईवडील शेतात राबलेले असतात.

दुसऱ्या तासात चार सवयी लावा.

"भारतात" नाही, "आमच्या घरी". कुणीही देशाच्या वतीने बोलायचं नाही. प्रत्येक वाक्य "आमच्या घरी", "आमच्या गावात" असं सुरू करायचं. एवढ्या एका नियमाने निम्मी साचेबंद बडबड थांबते.

नाव. प्रत्येकाने आपलं नाव म्हणून दाखवणारी दहा सेकंदांची ध्वनिफीत टाकायची आणि हाक कशी मारायची ते सांगायचं. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, स्पॅनिश नावात बऱ्याचदा दोन आडनावं असतात. समोरच्याचं नाव नीट म्हणता येणं हा पहिला गृहपाठ, त्याला गुण द्या.

"बघू" म्हणजे काय? आपण नकार तोंडावर देत नाही, "बघतो", "करू" म्हणतो. समोरचा ते वचन समजतो आणि वाट पाहतो. उलट तिकडून "हा भाग जमला नाही" असं सरळ लिहून येतं आणि आपली मुलं दुखावतात. दोन्ही वर्गांना हे आधीच सांगा. नंतर प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख लिहायचा नियम करा.

न विचारायचे प्रश्न. कुणाची जात, कुणाच्या कुटुंबाची अमेरिकेतली कागदपत्रं, कुणाचं उत्पन्न, हे समोरच्या व्यक्तीला विचारायचं नाही. जात किंवा स्थलांतर हे विषय वर्ज्य नाहीत, अभ्यासाला यायलाच हवेत. पण ते वाचनातून आणि शिक्षकासमोर यावेत. "तुझे आईवडील इथे कसे आले?" हा आपल्याला साधा वाटणारा प्रश्न तिकडच्या एखाद्या मुलीच्या घरावर संकट आणू शकतो. हे मुलांना याच शब्दांत सांगा.

## टप्पा ७: पाच आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा: ओळख, लेखी. अजून थेट भेट नाही. ध्वनिफिती, घराजवळच्या एका जागेचा फोटो आणि त्याखाली पाच ओळी. प्रत्येकाने समोरच्या दोघांना एकेक खरा प्रश्न विचारायचा.

दुसरा आठवडा: गट आणि पहिली थेट भेट. गट सहाचे करा, तीन-तीन. दोन-दोनचे केले तर तिकडचा एक विद्यार्थी सत्रामध्ये विषय सोडतो आणि गट पांगळा होतो. कम्युनिटी कॉलेजात हे दर सत्रात घडतं. भेट चाळीस मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं सगळे एकत्र, बाकी वेळ गटात. काम एकच: मुलाखतीचे सहा प्रश्न मिळून ठरवणं. शिक्षकांनी भाषण करायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत.

तिसरा आठवडा: मुलाखती. आपापल्या भाषेत घ्यायच्या, मराठीत, स्पॅनिशमध्ये, ज्यात तो माणूस मोकळा होईल त्यात. इंग्रजी सारांश एका पानाचा. अडलेला शब्द तसाच ठेवून त्याखाली समजावून सांगायचा. 'सौदा' या शब्दाखाली एका मुलीने लिहिलेल्या आठ ओळी त्या सत्रातलं सर्वांत चांगलं लेखन होतं.

चौथा आठवडा: टिपण. भांडणं इथेच होतात: "ते काहीच करत नाहीत", "त्यांना घाई आहे". शिक्षकाने मध्ये पडून काम वाटून देऊ नये. गटाने स्वतः लिहिलेला ठराव त्यांना उघडायला सांगा आणि कुठली ओळ राहिली ते दाखवायला सांगा.

पाचवा आठवडा: वाचन आणि निरोप. प्रत्येक गटाने दुसऱ्या एका गटाचं टिपण वाचून दोन प्रश्न विचारायचे. थेट भेट दुसऱ्यांदा, अर्धा तास. फोटो काढायचाच असेल तर तो आता.

तपासा, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी: प्रत्येक मुलाला समोरच्या गटातल्या तिघांची नावं आणि प्रत्येकाबद्दल एक गोष्ट न बघता लिहिता येते का? नसेल तर मुलाखती दोन दिवस पुढे ढकला आणि ओळख पुन्हा करा.

## टप्पा ८: गुण कशाला द्यायचे

"मला खूप छान वाटलं, आपण सगळे माणसं आहोत" असं पान हमखास येतं. गुण अशा पानाला मिळू लागले की पुढच्या वर्षी सगळे तेच लिहितात.

अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीजने जागतिक शिक्षणासाठी तयार केलेला निकषतक्ता मोफत मिळतो. त्यात सहा निकष आणि चार पातळ्या आहेत. सहाही घेऊ नका, पाच आठवड्यांत ते मोजता येत नाहीत. दोन घ्या: दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहता येणं, आणि स्वतःच्या जागेची जाणीव. तक्ता मुलांना पहिल्याच आठवड्यात मराठीत समजावून द्या.

सर्वांत भरवशाचं मोजमाप मात्र साधं आहे. पहिल्या दिवशी एक प्रश्न द्या: "पाऊस आला तर बेदाण्याचं नुकसान कुणाचं होतं?" दहा ओळींचं उत्तर घ्या आणि कपाटात ठेवा. शेवटच्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा द्या. मग दोन्ही कागद मुलाच्या हातात देऊन विचारा: काय बदललं, आणि कुणाच्या बोलण्यामुळे? पहिल्या कागदावर "शेतकऱ्याचं" एवढंच असतं. दुसऱ्यावर रोजंदारी बुडालेली बाई येते, शेडचं भाडं येतं, कमी रंगाच्या मालाला पडलेला भाव येतो, आणि माहिती देणाऱ्या समोरच्या मुलाचं नाव येतं. त्या नावालाही मी गुण देते.

## टप्पा ९: संपल्यावरच्या आठवड्यात

गुण भरून झाले की दोन्ही शिक्षकांनी तासभर बोला, आठवण ताजी आहे तोवर. प्रत्येकाने तीन गोष्टी आणाव्यात: कुठला आठवडा ताणला गेला, कुठल्या सूचनेचा दोन वर्गांनी वेगळा अर्थ लावला, कोण विद्यार्थी मागे राहिला आणि का. त्या सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहा.

ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या माणसांना टिपण त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला मुलांना पाठवा. शेडवर जाऊन, फोनवरून नको. आणि बोलणं संपवण्याआधी पुढच्या सत्राची दोन्ही कॅलेंडरं उघडून ते पाच आठवडे खुणा करून ठेवा. घड्याळ पुढे जाणारा मार्चचा दुसरा रविवार लाल शाईने.